दुकानाच्या शिक्क्याच्या एक पैशाच्या चिठ्ठ्या : या युद्धकाळातील सुट्या पैशांच्या असाव्यात का?

प्रश्न : माळ्यावरचे_दप्तर

नमस्कार. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीमध्ये आमच्या पणजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. दुकान बंद झाल्यावर त्याचे सारे दप्तर शनिवार पेठेतील घराच्या माळ्यावर गेले आणि तिथेच राहिले. गेल्या महिन्यात छपराचे काम निघाल्यामुळे माळा रिकामा करावा लागला, तेव्हा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याचे ६३ तुकडे सापडले. प्रत्येक तुकडा साधारण काडेपेटीच्या छापाएवढा आहे. कडा कात्रीने कापलेल्या असल्याने कोणतेही दोन तुकडे अगदी सारखे नाहीत. एका बाजूला जांभळ्या शाईचा गोल रबरी शिक्का असून त्यात दुकानाचे नाव आणि ‘कोल्हापूर’ असे बाळबोध अक्षरांत आहे. दुसऱ्या बाजूला टाकाने ‘पैसा १’ असे लिहिले आहे, खाली क्रमांक आहे आणि त्याखाली पणजोबांची मोडीतील सही आहे. सर्वांत मोठा क्रमांक ९८७ आहे. ५८ तुकड्यांचा उजवा कोपरा तिरका छाटलेला आहे. पाच तुकडे मात्र चारही कोपऱ्यांनिशी शाबूत आहेत.

आजोबांची धाकटी बहीण, जिला आम्ही सगळे आक्काआजी म्हणतो, ती आज ९३ वर्षांची आहे. तिला तुकडे दाखवताच ती म्हणाली, “लढाईत सुटं मिळंना झालतं, मग अण्णांनी चिठ्ठ्या काढल्या. मी बसून शिक्का मारलाय त्यावर.” घरातील दुसरे एक नातेवाईक मात्र खात्रीने सांगतात की हे वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीतील कुपन आहेत. या चिठ्ठ्या खरोखर पैसे म्हणून चालत होत्या का, की ही केवळ उधारीची नोंद आहे? आणि एखाद्या दुकानदाराने असे स्वतःचे ‘पैसे’ काढणे त्या काळी कायद्याला धरून होते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : खुर्दा

आक्काआजींचे सांगणे त्या काळाशी तंतोतंत जुळते, म्हणून आधी तो काळ सांगतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे असा हिशेब होता, आणि गरिबाचा सारा बाजार पैसा-दोन पैशांतच होत असे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोकांनी चांदीचे रुपये घरात दाबून ठेवण्यास सुरुवात केली. १९४० च्या जूनमध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरवला, त्यानंतर लवकरच एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आणली आणि त्याच वर्षी रुपयातील चांदी अकरा-बारांश भागावरून निम्म्यावर आणली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, भाव चढू लागले, लष्करी खर्चाने नोटा वाढल्या, आणि मग चांदीबरोबर तांबेही बाजारातून दिसेनासे झाले. ज्याच्या हाती पैसा पडे, तो पुन्हा सोडण्यास तयार नसे, कारण उद्या मोड मिळेल याची कोणालाच खात्री नव्हती. टाकसाळीला लागणारा धातू युद्धसाहित्यालाही हवा होता, हे दुसरे कारण.

यावर दोन उपाय निघाले. जुनागड, मोरवी, नवानगर, बुंदी यांसारख्या काही संस्थानांनी जाड कागदाची छोटी कुपने काढली. संग्राहकांकडे ती आजही पाहायला मिळतात. ब्रिटिश सरकारने १९४३ पासून भोकाचा पैसा काढला. जुना पैसा ७५ ग्रेन वजनाचा होता आणि भोकाचा पैसा अवघा ३० ग्रेनचा, म्हणजे जेवढ्या धातूत पूर्वी दोन पैसे होत, तेवढ्यात आता पाच होऊ लागले. लाहोरची नवी टाकसाळ त्याच वर्षी सुरू झाली, शिवाय काही भोकाचे पैसे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाहून पाडून आणावे लागले. टंचाई किती मोठी होती, हे यावरून ध्यानात यावे.

वळिवड्याच्या छावणीबद्दल मात्र माझे स्पष्ट मत वेगळे आहे. ती छावणी १९४३ मध्ये उभी राहिली, १९४८ पर्यंत चालली आणि तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. कोल्हापूरकरांना त्या इतिहासाविषयी जिव्हाळा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु एका किराणा दुकानाचा शिक्का आणि दुकानदाराची मोडीतील सही असलेल्या चिठ्ठीचा संबंध छावणीशी जोडण्यास काहीही आधार दिसत नाही.

प्रतिसाद : कीर्द_खतावणी

मी चाळीस वर्षे व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिल्या, त्या अनुभवावरून एक सावधगिरीची सूचना करतो. शिक्का मारलेला पुठ्ठा दिसला की तो लगेच चलन ठरत नाही. खाणावळी, दूध केंद्रे, पिठाच्या गिरण्या शांततेच्या काळातही बिल्ले आणि चिठ्ठ्या देत असत. ती वस्तू एका दुकानातून निघून त्याच गिऱ्हाइकाच्या हातून त्याच दुकानात परत आली, तर ती केवळ पावती होय. तीच चिठ्ठी गिऱ्हाइकाने भाजीवालीला दिली, भाजीवालीने ती घेतली आणि नंतर ती दुकानात वटवून रोख नेली, तर मात्र तिने पैशाचे काम केले असे म्हणता येईल. हा फरक पुठ्ठ्याकडे पाहून कळणार नाही, वहीकडे पाहूनच कळेल.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की दप्तरात विक्रम संवत् १९९९ ची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार वही) आहे का ते पाहावे. व्यापारी नवी वही दिवाळी पाडव्याला सुरू करीत, म्हणून संवत् १९९९ ची वही म्हणजे नोव्हेंबर १९४२ पासून पुढचे वर्ष. त्यात ‘चिठ्ठी खाते’ किंवा तत्सम नावाचे खाते शोधावे. तीन पैशांचा माल घेऊन गिऱ्हाइकाने आणा दिला आणि दुकानदाराने एक पैशाची चिठ्ठी दिली, तर तो एक पैसा दुकानावरचे देणे झाला, म्हणून तो चिठ्ठी खात्याच्या जमा बाजूला पडतो. चिठ्ठी परत आली की ते देणे फिटते आणि तो नावे बाजूला पडतो. नावे बाजूला ‘हस्ते’ म्हणून कोणाचे नाव किंवा धंदा लिहिला आहे, त्यावर आपल्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. कोपरा छाटणे हे बहुधा चिठ्ठी रद्द केल्याचे चिन्ह असावे. हुंडी किंवा पावती निकामी करताना ती फाडण्याची रीत होतीच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : माळ्यावरचे_दप्तर

आपल्या सूचनेबद्दल मनापासून आभार. संवत् १९९९ आणि २००० या दोन्ही वर्षांच्या वह्या दप्तरात मिळाल्या. मला मोडी वाचता येत नाही, म्हणून मोडी शिकलेल्या एका शेजारणीला घेऊन चार संध्याकाळ बसलो.

मार्गशीर्ष महिन्यात, म्हणजे १९४२ च्या डिसेंबरच्या सुमारास, ‘पुठ्ठा व शिक्का’ असा खर्च पडला आहे आणि समासात ‘चिठ्ठी नग १०००’ अशी टीप आहे. त्यानंतर चिठ्ठी खात्यात जवळजवळ रोज दोन-चार आणे जमा आहेत. नावे बाजूला बहुतेक ठिकाणी ‘दुकानी आल्या’ एवढेच लिहिले आहे, परंतु माघातील एका नोंदीत असे आहे : ‘चिठ्ठी ३२, रोख आणे ८, हस्ते माळीण.’ तशाच आणखी नोंदी एका पानवाल्याच्या आणि दोन ठिकाणी टांगेवाल्याच्या हस्ते आहेत. आक्काआजीला हे वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की ती माळीण दर गुरुवारी पदराच्या गाठीतून चिठ्ठ्या सोडून ओट्यावर चार-चारांच्या चळती लावत असे, आणि अण्णा त्या मोजल्याशिवाय तिला रोख देत, कारण तिची मोजणी कधी चुकली नाही.

प्रतिसाद : कीर्द_खतावणी

माळिणीची एक नोंदच पुरेशी आहे. बत्तीस चिठ्ठ्या एका बाईकडे जमल्या, याचा अर्थ तिच्या गिऱ्हाइकांनी भाजीच्या मोलात त्या दिल्या आणि तिने त्या नाण्याऐवजी घेतल्या. माझी शंका मी मागे घेतो. या चिठ्ठ्या उधारीच्या नव्हेत. लक्ष्मीपुरीच्या आसपास, दुकानदाराला ओळखणाऱ्या माणसांमध्ये, त्या पैसा म्हणूनच चालल्या.

प्रतिसाद : कलम_आणि_नाणे

कायद्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. ब्रिटिश हिंदुस्थानात धातूचे खासगी बिल्ले पैसे म्हणून वापरण्यासाठी बनवण्यास १८८९ च्या मेटल टोकन्स कायद्याने बंदी होती. हा कायदा २०११ च्या नाणे कायद्याने रद्द होईपर्यंत पुस्तकात होता. कागदापुरते बोलायचे तर रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या ३१ व्या कलमानुसार, दाखवताच धारकाला पैसे देण्याचे वचन असलेली चिठ्ठी काढण्याचा अधिकार बँकेला आणि केंद्र सरकारलाच आहे. मात्र कोल्हापूर हे छत्रपतींचे संस्थान होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. शिवाय आपल्या पणजोबांनी एक हजार चिठ्ठ्या काढल्या, म्हणजे फार तर १५ रुपये १० आण्यांचे देणे अंगावर घेतले. एवढ्या रकमेत कोणी राज्याचे चलन काबीज करू पाहत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाचा एक पैसा बुडू दिला नाही, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

जिथे असे देणे पाळले गेले नाही, तिथे काय झाले याचे उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धात सापडते. १८६२ मध्ये तिथे सोने-चांदी आणि पाठोपाठ सेंटची नाणीही लोकांनी दडवली. लोक टपालाची तिकिटे मोड म्हणून देऊ लागले, ती हातात चिकटून खराब होऊ लागली, तेव्हा जॉन गॉल्ट यांनी पितळी चकतीत अभ्रकाखाली तिकीट बसवण्याचे पेटंट घेतले. दुकानदारांनी तांब्याचे खासगी सेंट काढले. त्यांची संख्या सुमारे अडीच कोटी धरली जाते. त्यांतील काहींवर ‘एक सेंट’ ठळक अक्षरांत आणि त्यावर बारीक अक्षरांत ‘नाही’ असा शब्द असे, म्हणजे बनावट नाण्याचा आरोप टळावा. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या बिअरगृहाच्या मालकाने काढलेले सेंट तिथल्या एका ट्राम कंपनीने भाड्यापोटी स्वीकारले आणि ते वटवून मागितले, तेव्हा त्याने नकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. १८६४ मध्ये सरकारने हलका काशाचा सेंट काढला आणि जूनमध्ये खासगी नाणी बंद करणारा कायदा केला. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की दोन्हीकडे टंचाई हलक्या नाण्याने फिटली, तिथे काशाच्या सेंटने आणि आपल्याकडे भोकाच्या पैशाने.

प्रतिसाद : खुर्दा

जतनाविषयी थोडक्यात सांगतो. चिठ्ठ्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि ओल्या बोटांनी हात लावू नये. रबरी शिक्क्याची जांभळी शाई पाण्याने लगेच पसरते. आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. चिठ्ठ्या एकीकडे आणि वह्या दुसरीकडे असे कृपया होऊ देऊ नका, मग कोणी कितीही रक्कम देऊ केली तरी. माळिणीच्या नोंदीशिवाय हे केवळ पुठ्ठ्याचे तुकडे आहेत. एक शंका राहिली : त्या पाच चिठ्ठ्यांचे कोपरे शाबूत का, याचा उलगडा वह्यांत झाला का?

प्रश्नकर्त्याचे उत्तर : माळ्यावरचे_दप्तर

झाला, आणि तो काल रात्रीच झाला. संवत् २००० च्या अखेरीस, म्हणजे १९४४ च्या दिवाळीपूर्वी, पणजोबांनी चिठ्ठी खाते बंद केले. हजारांपैकी ९२६ चिठ्ठ्या परत आल्या होत्या; ७४ बाहेर राहिल्या होत्या. त्यांची रक्कम १ रुपया २ आणे ६ पै त्यांनी दुकानाच्या नफ्यात न घेता धर्मादाय खात्यात जमा केली. त्यानंतर चिठ्ठी खाते वहीत नाही, म्हणून आम्ही शोध थांबवणार होतो. परंतु संवत् २००३ च्या वहीत, सुटे पैसे पुन्हा मुबलक झाल्यानंतर, धर्मादाय खात्याच्या नावे बाजूला एक ओळ आहे : ‘जुन्या चिठ्ठ्या ५ आल्या, रोख आणा १ पै ३ दिले.’ हस्ते कोणाच्या ते लिहिलेले नाही. खाते बंद झालेले असल्यामुळे या पाचांचे कोपरे छाटण्याचे कारण उरले नसावे, आणि त्या तशाच डब्यात ठेवल्या गेल्या.