जनुकीय, आनुवंशिक की जन्मजात?

गोदाकाठ: नाशिकमधल्या पालकांसाठीच्या पत्रकात ओळ आहे : 'भ्रूणातील हृदय व महाधमनीच्या घडणीचे आनुवंशिक नियंत्रण'. 'आनुवंशिक' बरोबर आहे का? आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला महाधमनी म्हणायचं की महारोहिणी?

म्हसरूळकर: ताई, 'आनुवंशिक' खोडा, 'जनुकीय' लिहा. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेलं. जनुकीय म्हणजे जनुकाशी संबंधित, मग ते आईवडिलांकडून येवो की या बाळातच पहिल्यांदा घडो. २२क्यू११.२ चा लोप घ्या. २२व्या गुणसूत्राचा बहुतेक वेळा सुमारे ३० लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा गळतो आणि त्याबरोबर हृदय-महाधमनीच्या घडणीला लागणारं टीबीएक्स१ हे जनुक जातं. दहातल्या जवळपास नऊ बाळांत हा लोप नव्यानेच झालेला असतो. म्हणजे दोष जनुकीय, पण वारशाने आलेला नाही. पत्रकात 'आनुवंशिक' छापलंत की घरी पहिला सवाल 'कोणाकडून आलं?' आणि बोट सुनेच्या माहेराकडे!

आईवडिलांची तपासणी मात्र करायचीच. एकात लोप सापडला, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के शक्यता. तिथे 'आनुवंशिक' खुशाल लिहा. 'गुणसूत्र तपासणी नॉर्मल' एवढ्यावरही थांबू नका. एवढा लहान तुकडा साध्या कॅरिओटाइपमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या गुणसूत्र तपासणीत) सहसा दिसत नाही, त्याला फिश किंवा मायक्रोअॅरे या जास्त बारीक जनुकीय चाचण्या लागतात.

सिडकोवाला: मग सरसकट 'जन्मजात' लिहिलं तर?

म्हसरूळकर: जन्मजात म्हणजे जन्मतः असलेलं. कारण काय, ते हा शब्द सांगत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला आणि बाळाची डक्टस (फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटणारी वाहिनी) उघडी राहिली, तर तोही जन्मजातच दोष. त्यात बाळाच्या जनुकाचा काय दोष?

कसमादे: माझा आक्षेप 'नियंत्रण'वर. वाचणाऱ्याला वाटतं बटण आहे, चालू नाहीतर बंद. टीबीएक्स१ च्या दोन प्रतींपैकी एक गेली तरी दुसरी शाबूत असते. कमी पडते ती प्रथिनाची मात्रा. आमच्याकडच्या फड पद्धतीत, म्हणजे पाटाचं पाणी शेतांच्या फडांना पाळीने देण्याच्या रीतीत, पाटाला निम्मं पाणी आलं, तर पाट बंद नसतो, पण शेवटचा फड कोरडा राहतो. तसंच. म्हणून 'एका प्रतीची मात्रा अपुरी' असं सरळ लिहा. जोडशब्द बनवायच्या नादी लागू नका.

इथे कोरडी राहते ती बहुधा चौथ्या कमानीची धमनी. भ्रूणात घशाजवळच्या कमानींच्या धमन्यांच्या सहा जोड्या मोजतात, पण पाचवी माणसात टिकत नाही. तिसरीतून मानेकडच्या धमन्या, डाव्या चौथीतून महाधमनीच्या कमानीचा भाग, उजव्या चौथीतून उजव्या हाताच्या धमनीचं मूळ, सहावीतून फुफ्फुसाकडची वाट आणि डावीकडे डक्टस. डावी चौथी जुळली नाही, तर मानेकडची डावी धमनी आणि डाव्या हाताची धमनी यांच्या मध्ये महाधमनीची कमान तुटते. तिला 'खंडित कमान' म्हणा. 'अरुंद महाधमनी' हा वेगळा आजार आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की गोंधळ झालाच.

गोदाकाठ: आणि रोहिणी?

म्हसरूळकर: रोहिणी-नीला ही जुनी शालेय जोडी. शब्द गोड, पण आज रोहिणी म्हटलं की आधी नक्षत्र आठवतं. महाधमनीच ठेवा. धमनीची जोडीदार 'शिरा' लिहिताना मात्र जपून. बोलण्यात 'शीर दबली' म्हणजे मज्जातंतू दबला, आणि अनेकवचनात तर प्रसादाचा शिरा!

'भ्रूण'ही नीट वापरा. फलनापासून आठ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. हृदयनलिकेचा (हृदयाच्या सुरुवातीच्या नळीसारख्या रूपाचा) ठोका फलनानंतर साधारण २२व्या दिवशी सुरू होतो. सोनोग्राफीवाले शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे आणखी १४ दिवस धरा. मोजणी कुठून केली ते पत्रकात कंसात लिहा, नाहीतर रिपोर्टातले पाच आठवडे आणि तुमचे तीन आठवडे यांत पालक चूक शोधत बसतील.