रविवारी उचललेला कचरा सोमवारी जातो कुठं?

नाल्याकाठचा (धागाकर्ता)

परवा इथं एक पोस्ट फिरली : 'नगरपरिषदेला शिव्या देणं बंद करा, रविवारचे दोन तास द्या. हातमोजे आमचे, फोटो तुमचा.' खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तालुक्याच्या गावात ही नालासफाईची मोहीम कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. गोण्या भरायच्या, पुलाजवळ रचायच्या, बॅनर धरून फोटो काढायचा. सोमवारी घंटागाडी येते ती घरोघरचा कचरा घ्यायला. तिच्यात आधीच गच्च भरलेलं असतं, चाळीस गोण्या ती घेणार कुठं? मंगळवारी डुकरं गोण्या फाडतात, बुधवारी कुणीतरी काडी लावतो. पसरलेला कचरा गोळा करून जाळला, एवढीच काय ती समाजसेवा.

ज्यांना खरंच करायचंय त्यांनी आठ दिवस आधी स्वच्छता निरीक्षकाकडं लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ट्रॉली किती वाजता येणार आणि कचरा डेपोवर जाणार की जुन्या खदानीत, हे त्यातच विचारावं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी नाही, त्याच वेळी जागेवर हवा. तो पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, पत्रा, लोखंड नेतो. चिखलात माखलेली कॅरीबॅग, वेफर्सचं पाकीट, थर्माकोलची पत्रावळ आणि गुटख्याची पुडी तो नेत नाही. आणि गोणी फुगते ती नेमकी यांनीच. त्याचं काय करणार याचं उत्तर नसेल तर रविवारी झोपा.

रविवार गट

ती पोस्ट आमचीच. बॅनरचं बोललात ते मान्य, बाकीचं नाही. 'उत्तर नसेल तर झोपा' हेच ऐकत नाल्यात कंबरेएवढा कचरा साठला.

उचलण्याचा खरा फायदा सफाई हा नाहीच. कचरा कुठून येतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. शंभर मीटरचा एकच टप्पा धरायचा, एका वेळी जास्त नाही. जागेवरच चार गोण्या : भंगारात जाणारं, न जाणारं, काच, आणि ओलं. चौथी निम्मीच भरायची, नाहीतर उचलताना बूड फाटतं. सिमेंटच्या गोण्या नकोत, आतली भुकटी हातापायाला लागते. युरियाच्या झटकून घेतलेल्या बऱ्या. मग न जाणाऱ्या गोणीत काय आहे ते मोजायचं. पुड्या जास्त असतील तर वरच्या अंगाला टपरी आहे. द्रोण-पत्रावळ्या असतील तर मंगल कार्यालय. सलाईनच्या नळ्या निघाल्या तर कुणाचं दार ठोठवायचं हे सांगायला नको. तीन रविवार तोच टप्पा मोजला की आकडे घेऊन जाता येतं. नुसतं 'गाव घाण झालंय' म्हणून गेलात तर चहा पाजून परत पाठवतात.

आणि सुई दिसली तर हातमोजा असला तरी हात लावायचा नाही. चिमट्यानं उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, झाकण घट्ट. कापडी मोज्यातून वेड्या बाभळीचा काटा आरपार जातो, सुईचं काय घेऊन बसलात! धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल त्याला नाल्यात उतरवू नका, काठावर गोणी धरायला उभं करा.

मोंढा नाका

पुडीचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची. प्लास्टिकच्या पुडीत गुटखा-तंबाखू भरून विकायला केंद्राच्या नियमातही मनाई. आणि नालीत वाकून बघा! पूर्वी एक पुडी होती. बंदी आली तसा मसाला वेगळा, तंबाखू वेगळी, हातावर एकत्र करायचं. म्हणजे एका तोबऱ्याला दोन पुड्या. बंदीनं कचरा दुप्पट केला, अशी आपली कारभाराची तऱ्हा.

ही पुडी कुठंच खपत नाही, कारण प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, काहींत मध्ये चांदीसारखा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. वेगळे करता येत नाहीत, वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा होत नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते, पण त्यासाठी दाबून गठ्ठे करावे लागतात. सुट्या पुड्यांनी भरलेला ट्रक म्हणजे निम्मी हवा, डिझेलचेही पैसे निघत नाहीत. तालुक्याच्या गावात गठ्ठे बांधायचं यंत्र कितींकडं आहे?

कडुलिंबाखाली

गुटखा राहू द्या. गल्लीत फाल्गुनापासून जो धूर निघतो त्यावर कुणी बोलत नाही. कडुलिंबाचा पाला गळतो, झाडून ढीग करतात, त्यात पुड्या आणि कॅरीबॅगा तशाच, आणि सकाळी सहाला काडी. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. पाला हा कचरा नाहीच. काळ्या रानात सेंद्रिय अंश उरला नाही म्हणून ओरडतो आणि गावात तोच जाळतो.

उपाय अगदी साधा. कोंबड्यांची जाळी घ्या, दहा फूट लांब, चार फूट रुंद. गोल करून टोकं तारेनं बांधली की सव्वातीन फुटांचं कडं होतं. एक फूट पाला, त्यावर घमेलंभर शेणकाला, मूठभर माती, परत पाला. पायानं दाबत भरलं तर एका कड्यात शंभरेक किलो कोरडा पाला बसतो.

लातूरकर

आणि पाणी किती लागतंय ते सांगा की! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पिलेलं गाव हाय आमचं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला तुम्ही पाला भिजवा म्हणूलालेत. कागदावर लई सोपं असतंय.

कडुलिंबाखाली

दीडशे लिटर, एका कड्याला, भरताना. लपवत नाही. पण ते टँकरचंच हवं असं कुणी सांगितलं? भांडी धुतलेलं चालतं, फक्त अ‍ॅसिड-ब्लीचिंगचं नको. आणि तेही नसेल तर चैत्रात कोरडाच भरून ठेवा, वर बारदान टाका आणि मृगाची वाट बघा. पाऊस पडला की शेणकाला ओता, तिथून तीन-चार महिने धरा, दिवाळीला खत. घाई कुणाला आहे?

बिनपगारी इंजिनिअर

कोरडा भरून ठेवा? वैशाखात ४२ अंशांत शंभर किलो वाळका पाला, चारी बाजूंनी हवा खेळणाऱ्या जाळीत? त्याला खत म्हणत नाहीत, चूल म्हणतात. एक बिडी पुरे. वाळवीचंही कुणी बोललं नाही. कोरडा पाला जमिनीवर टेकला की ती आलीच, तिथून झाडाच्या सालीवर नाहीतर घराच्या चौकटीवर.

याच्यापेक्षा खड्डा काढा. तीन फूट खोल, वर माती टाकली की आगीची भीती नाही, ओल टिकते, पाणी निम्मं.

कडुलिंबाखाली

काळ्या मातीत खड्डा! श्रावणात त्याची विहीर होते, साहेब. ही माती पाणी खाली सोडत नाही. पाला कुजायच्या ऐवजी सडतो, उघडला की गटाराचा वास. मुरमाड जागा असेल तर खड्डा खुशाल काढा, काळीत नाही.

वाळवीचं बरोबर आहे. कडं विटांच्या थरावर ठेवायचं, झाड आणि भिंतीपासून तीन हात लांब. आगीचंही घ्या : कोरडं ठेवायचं तर रस्त्याकडेला नको, आवारात ठेवा. झालं समाधान?

चाललंय की नाही हे बघायला एक सळई पुरते. मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला तर आत काम सुरू आहे. गार निघाली तर कोरडं पडलंय नाहीतर शेण कमी. सळईला आंबूस घाण आली तर पाणी जास्त झालंय, उपसून वाळका पाला मिसळा. मूठभर घेऊन पिळला तर दोन-चार थेंब यावेत, धार नको. दर पंधरा दिवसांनी जाळी उचलून शेजारी उभी करायची आणि वरचं खाली भरायचं. लिंबाचा पाला कुजत नाही ही अफवा आहे. देशी बदामाचं पान मात्र अख्खं टाकू नका, चुरून टाका, नाहीतर वर्षानं तसंच निघतं.

लातूरकर

शेण कुठून आणावं? गावात बैल किती उरलेत ते मोजा आधी.

मोंढा नाका

मंडईतली सडकी भाजी वापरा. कोबीचा पाला, मेथीच्या काड्या, आठवडी बाजार उठला की ढिगानं मिळतं. गुटख्याला मात्र कुणी उत्तर दिलं नाही, नोंद असावी.

नाल्याकाठचा

धागा माझा, नाल्याचा, आणि तुम्ही सगळे मिळून खत कालवताय. आता हे ऐका. मोहिमांत सगळ्यात मोठा घोळ गाळाचा होतो. मे अखेरीस गाळ काढतात आणि काठावरच ठेवतात. मृगाची पहिली सर आली की तोच गाळ परत आत. काढलेला गाळ दोन दिवस उन्हात निथळू द्यायचा, मगच ट्रॉलीत भरायचा. ओला भरला तर रस्ताभर सांडतो आणि वजनही पाण्याचंच वाहावं लागतं. बंदिस्त गटाराच्या चेंबरमध्ये तर कुणीही, कितीही उत्साह असला तरी, उतरायचं नाही. आत वायू असतो, वास येईलच असं नाही. हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हाही आहे.

बिनपगारी इंजिनिअर

मग उचलताच कशाला, अडवा की. नळकांडी पुलाच्या चार-पाच फूट वरच्या अंगाला गजाची जाळी, तिरकी, दोन गजांत दोन इंच. प्लास्टिक एका जागी सापडतं, शंभर मीटर वाकत फिरायला नको.

रविवार गट

आणि जाळी तुंबली की पाणी कुणाच्या घरात? नाल्याकाठच्या पत्र्याच्या घरांत. तुम्ही नकाशावर रेघ मारून मोकळे. जाळी लावायचीच तर पुलाच्या निम्म्या उंचीची, म्हणजे तुंबली तरी पाणी वरून जाईल. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी साफ करणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. तो माणूस कोण? तुम्ही?

बिनपगारी इंजिनिअर

उंचीचं बरोबर आहे. माणसाचं मी काय सांगू, कंत्राट काढा.

मोंढा नाका

हा! कंत्राट! छत्रपती संभाजीनगरला काय झालं विसरलात? फेब्रुवारी २०१८ ला नारेगावच्या लोकांनी डेपोवर गाड्या येऊ दिल्या नाहीत. वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या दारात, त्यांनी का सोसावा? मार्चमध्ये मिटमिट्याकडं गाड्या वळवल्या तर दगडफेक, लाठीमार. एवढ्या मोठ्या शहराला टाकायला जागा मिळेना. आणि तुम्ही रविवारी गोण्या भरून 'ट्रॉली कुठं जाणार' विचारताय. ती कुणाच्या तरी नारेगावातच जाणार.

नाल्याकाठचा

तेच तर पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. वाचा.

कडुलिंबाखाली

म्हणून तर ओलं आणि पाला गल्लीतच जिरवा म्हणतोय. डेपोला आग आणि वास येतो तो ओल्यामुळं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच ओलं-सुकं घरात वेगळं करायला सांगितलं होतं, आणि आपण अजून एकाच बादलीत वरणभात आणि बॅटरीचे सेल.

लातूरकर

संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात कर भरला की दळण फुकट, म्हणून लोक ऐकत्यात. आमच्या गल्लीत वेगळं करून दिलेलं घंटागाडीवाला एकाच डब्यात टाकूलालाय डोळ्यांदेखत. कशाला करावं मग?

रविवार गट

हे मात्र खरंय. याला आमच्याकडंही उत्तर नाही. गाडीत मधोमध पत्रा मारून दोन कप्पे करायला फार खर्च नाही, तेवढी मागणी अर्जात घालू.

नाल्याकाठचे, तुमचा अर्जाचा मजकूर टाका इथं. पोच घेऊ, ट्रॉलीची वेळही लिहून घेऊ. बॅनर आणत नाही, खूश? फक्त येताना काठावरून मापं काढू नका, चिमटे सहाच आहेत आणि एक तुमच्या नावानं बाजूला ठेवलाय.

नाल्याकाठचा

मजकूर रात्री टाकतो. चिमटा लांब दांड्याचा असेल तर येतो, वाकवत नाही.

मोंढा नाका

पुड्या मोजणार आहात ना? मग टपरीवाल्याला आधी सांगू नका.