मदत हवी आहे: गिनीपिगच्या दोन्ही कुशींवर टक्कल, दुसरीच्या नाकावर पापुद्रे. ऑपरेशन करावं का? (नागपूर)

नंदनवनवाली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोघी माद्या. मोठी बर्फी चार वर्षांची होत आली. संत्रा बर्फीचा रंग म्हणून ते नाव. धाकटी तर्री दोन वर्षांची, काळी-तांबडी. एकाच मोठ्या पिंजऱ्यात राहतात.

पाऊस लागल्यापासून दोघींचे केस जाऊन राहिले. तर्रीच्या नाकाच्या शेंड्यावर आणि कानांच्या कडेला पांढरे पापुद्रे धरलेत. चिमटीत केस धरले की पापुद्र्यासकट हातात येतात. बर्फीचं वेगळंच. तिच्या दोन्ही कुशींवर टक्कल पडलंय, डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. कातडी मात्र स्वच्छ. ना लाली, ना खपली, ना खाजवणं.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टेबलावर ठेवून वरून पाहिलं, दोघींना खरूज आहे म्हणाले आणि आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं. नंतर दुसरंही झालं. बर्फीत तसूभर फरक नाही. परत नेलं तेव्हा पोट चाचपून म्हणाले, "अंडाशयात गाठ वाटते. पण या वयात ऑपरेशन झेपत नाही, आहे तोवर राहू द्या." तर्रीसाठी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली आहे. तिच्यावर क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल असं छापलंय. अजून उघडली नाही, आधी इथे विचारते आहे.

आणखी एक. लेकीच्या मनगटावर गोल चट्टा उठलाय, कडा लाल आणि मधे फिकट.

बर्फी खाते-पिते, पण हल्ली घुर्र घुर्र करत तर्रीच्या मागे फिरते, तिच्या अंगावर चढते. सासूबाई म्हणतात म्हातारचळ आहे. दोघींचा आजार एकच की वेगवेगळा? ऑपरेशन खरंच झेपत नाही का? नागपुरात कोणी करून घेतलंय का?

पिंजऱ्यामागे

ताई, तुमच्या वर्णनावरून तरी हे दोन वेगळे आजार वाटतात. केस दोन्हींत जातात, म्हणून एकाच माळेत ओवले गेले.

खरूज असती तर बर्फी तुम्हाला झोपू देत नसती. गिनीपिगच्या खरजेचा किडा कातडीत बिळं करतो आणि खाज इतकी भयंकर असते की नुसता हात लावला तरी जनावराला झटके आल्यासारखं होतं. ज्या मादीची कूस तुम्ही बोटाने घासता आणि ती शांतपणे कोथिंबीर खात राहते, तिला खरूज असण्याची शक्यता कमी. दोन्ही बाजूंना सारखं टक्कल, खाज नाही, वय दीड-दोन वर्षांच्या पुढे आणि अंगावर चढणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की आधी सोनोग्राफी करून अंडाशयाकडे बघायचं. गिनीपिगच्या माद्यांत अंडाशयात पाण्याच्या गाठी होणं फारच सर्रास आहे, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. म्हातारचळ नाही हो, हार्मोन आहेत ते.

तिला मांडीवर उताणी न करता, छातीखाली एक हात आणि ढुंगणाखाली दुसरा असं उचला आणि दोन स्तनाग्रं बघा. जाडसर, काळपट, खपली धरलेली आहेत का? पोट मागच्या बाजूला रुंद वाटतं का?

आणि वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून रोज एकाच वेळी करा. पण फक्त आकड्यावर विसंबू नका. आत गाठीचं पाणी वाढत असतं आणि वरून मांस झडत असतं, काटा जागच्या जागी राहतो. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणके एकेक मोजता आले तर ती वाळते आहे, काटा काहीही सांगो.

टीकाराम

राग मानू नका, पण एवढ्या पैशात दोन नवीन येतील. उंदरावर सोनोग्राफी?

नंदनवनवाली

टीकाराम, राग नाही. नवीन दोन आणल्या तरी त्या बर्फी नसतील, आणि माद्या असतील तर दोन वर्षांनी इथेच धागा काढावा लागेल.

पिंजऱ्यामागे, आत्ता पाहिलं. एक स्तनाग्र जाड आहे, वर काळी खपली. मणके लागतात हाताला, नीट लागतात. वजन साधारण ९०० ग्रॅम, कित्येक महिन्यांपासून तेवढंच. मी त्यावरच निर्धास्त होते.

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, अमरावतीकडे प्रॅक्टिस. न बघता औषध लिहून देणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

तर्री: नाक, डोळ्यांभोवती, कानाच्या कडा इथून सुरू झालेले पापुद्रे आणि घरातल्या मुलीला गोल चट्टा. म्हणजे नायटा, बुरशी. ट्रायकोफायटन जातीची असते बहुतेक. ही माणसाला लागते, लहान मुलांना लवकर. बुरशी तपासायच्या निळ्या दिव्याखाली (वुड्स लॅम्प) चमकलं नाही म्हणून बुरशी नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ट्रायकोफायटन त्या दिव्यात चमकत नाही. कडेचे केस आणि पापुद्रे उपटून मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. कल्चर केलं तर रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. औषध पोटातून, इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिन, काही आठवडे, वजनाप्रमाणे. वरून बुरशीचं साधं मलम चालतं.

ती ट्यूब परत करा. क्लोबेटासोल हे जबर स्टेरॉइड आहे. दोन दिवस लाली उतरते, आत बुरशी पसरते. शिवाय हे प्राणी एकमेकींना चाटतात, म्हणजे मलम पोटात. मुलीलाही ती लावू नका. माणसांचा गजकर्ण आपल्याकडे इतका चिवट झाला त्यात या मिसळ-मलमांचा हात मोठा आहे. तिला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात गिनीपिग आहेत हे आवर्जून सांगा.

बर्फी: सोनोग्राफी. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. गाठी दोन तऱ्हेच्या. जास्त आढळतात त्या नुसत्या पाण्याच्या, त्यांच्यावर हार्मोनच्या इंजेक्शनचा उपयोग होत नाही. दुसऱ्या बीजकोशाच्या, हार्मोन तयार करणाऱ्या. केस जातात ते बहुधा यांच्यामुळे, आणि यांना इंजेक्शनने उतार पडू शकतो. दोन्ही एकत्रही असतात. सुईने पाणी काढलं तर जनावराला मोकळं वाटतं, पण पुन्हा भरतं. कायमचा इलाज म्हणजे अंडाशय काढणं, आणि गर्भाशयातही काही दिसलं तर तेही.

वयाचं म्हणाल तर चार वर्षं हा आकडा नकार द्यायला पुरेसा नाही. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतात. जोखीम वयापेक्षा भूल देणाऱ्याच्या सवयीवर जास्त. गॅसची भूल, अंग गरम ठेवायची सोय आणि याआधी ससे-गिनीपिग केलेत का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

एक धोक्याची गोष्ट वेगळी लिहितो. अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, तोंडाने सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन: यातलं काहीही गिनीपिगला नको. आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जनावर काही दिवसांत जुलाबाने जातं. कुत्र्या-मांजरांना आम्ही रोज देतो ती औषधं आहेत ही, त्यामुळे घाईत हात तिकडेच जातो. अँटिबायोटिक लागलंच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा असे पर्याय आहेत. चिठ्ठी वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. गोचिडांचे स्प्रेही दूर ठेवा.

सक्करदरा फास्ट

ताई, मी पण नागपूरचाच जी. सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहे ना, तिथे एकदा विचारून बघा. फोन करून जा, नाही तर सकाळची लाइन म्हशी-बकऱ्यांचीच असते आणि आपण खोक्यात उंदीर घेऊन उभे. आमचा ससा तिथेच दाखवला होता, पोरं-पोरी कौतुकाने जमा होतात.

दुसरं, कूलर. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आपण पिंजरा कूलरसमोर ठेवतो आणि पावसाळा लागला तरी तो तिथेच राहते. ओल्या ताट्यांची दमट हवा सरळ अंगावर. बुरशीला अजून काय पाहिजे बापा! कूलर बंद करा, पंखा भिंतीकडे वळवून लावा. खाली कुटार (पिकाचा भुसा) टाकत असाल तर तेही काढा. आमच्याकडे सोयाबीनचं कुटार फुकट मिळायचं, पण पावसाळ्यात त्याला आतून वास धरते, हात घालून पाहिलं की समजते.

पिंजऱ्यामागे

कुटाराबद्दल दुजोरा. खाली सुती किंवा फ्लीसचं कापड घाला, रोज बदला, गरम पाण्यात धुवा. बुरशीचे बीजाणू महिनोन् महिने टिकतात. पिंजरा आधी घासून मग पातळ ब्लीचने पुसा, वाळवा, वास गेल्यावरच त्यांना सोडा. दोघी एकत्रच राहिल्यात, त्यामुळे आता वेगळं करून फारसं साधणार नाही, डॉक्टरांना दोघींच्या उपचाराबद्दल विचारा. नुसती नजरेआड केली तरी खाणं टाकतात या.

क जीवनसत्त्वाचं काय करता? आपल्यासारखंच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. कमी पडलं की कातडी खरबरीत होते, जखम भरत नाही, सांधे दुखतात. निरोगी असताना किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम रोज, आजारपणात डॉक्टर वाढवून देतात. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकू नका, उजेडात आणि उष्णतेत ते नासतं. ढोबळी मिरची रोज एक फोड, मूठभर कोथिंबीर, पेरूची पातळ चकती. आवळ्याचा हंगाम आला की गोकुळपेठेच्या बाजारातून आणा, नखाएवढा तुकडा पुरतो, अर्थात आंबट तोंडाने खातात. पालक रोज नको.

नंदनवनवाली

सगळ्यांचे खूप आभार. ताजी खबर अशी.

ट्यूब परत केली, मेडिकलवाला हसला. लेकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, गजकर्णच निघाला, औषध सुरू झालंय. तर्रीचे केस मायक्रोस्कोपखाली पाहिले, बुरशी दिसली. इट्राकोनाझोल सुरू आहे. सिरिंज बघितली की पेल्यासारख्या त्या मातीच्या घरात जाऊन उलटी बसते, फक्त ढुंगण बाहेर.

बर्फीची सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयांत गाठी, डावीकडची साडेतीन सेंटिमीटर. पडद्यावर काळा गोल इतका स्पष्ट दिसला की मलाही कळलं. दुसरे एक सर्जन तयार आहेत, ससे बरेच केलेत, गॅसची भूल आहे. म्हणाले दोन्ही कुशीतून छोटे छेद देऊन काढता येईल, पण बर्फीच्या कातडीवर बुरशी नाही ही खात्री झाल्यावरच. पोळ्याच्या आसपासची तारीख द्यायची म्हणतात.

आता अडचण अशी की रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पाणी पण नाही. बरोबर आहे का हे?

गुरांचा डॉक्टर

नाही. तो कुत्र्या-मांजरांचा नियम आहे. गिनीपिगला उलटी होत नाही, आणि रात्रभर उपाशी ठेवलं तर आतडी थंडावतात, भुलीपेक्षा तेच महागात पडतं. थेट सर्जनशी बोला. बहुतेक जण भूल देण्याआधी थोडाच वेळ खाणं काढतात आणि तोंडातला घास साफ करून घेतात, कारण यांच्या गालात चारा साठून राहतो. गवत आणि तिची नेहमीची भाजी सोबत न्या, शुद्धीवर आली की समोर ठेवायची.

ऑपरेशननंतर खरी कसोटी पहिल्या दोन-तीन दिवसांत. दुखणं राहिलं तर खाणार नाही, खाल्लं नाही तर लेंड्या थांबतील. वेदनाशामक मेलॉक्सिकॅम घरी किती दिवस द्यायचं ते लिहून घ्या. खात नसेल तर तिच्याच खाद्याच्या गोळ्या (पेलेट) कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सिरिंजने गालाच्या बाजूने थोड्या थोड्या भरवा. सरळ घशात नाही. लेंड्या बारीक, कोरड्या, शेपटीवाल्या दिसल्या किंवा बंद झाल्या तर सकाळ होण्याची वाट बघू नका. आणि टाक्यांना काही चिकटणार नाही असं स्वच्छ कापड खाली घाला, भुसा अजिबात नको.

नंदनवनवाली

सर्जनशी बोलले. म्हणाले उपाशी आणायचं नाही, रिसेप्शनला तेच सांगतील. तर्रीला सोबत नेऊ का? तिची बुरशी अजून पूर्ण गेली नाही.

पिंजऱ्यामागे

दवाखान्यात नको, तिथे टेबलावर दुसरी जनावरं असतात. तर्रीजवळचं धुतलेलं कापड बर्फीच्या खोक्यात घाला. घरी आणल्यावर पहिली रात्र मधे जाळी ठेवून शेजारी-शेजारी. बर्फी अंगावर चढायची सवय लगेच सोडणार नाही, हार्मोन उतरायला वेळ लागतो. टाके सुकेपर्यंत जाळी असू द्या. केस यायलाही काही आठवडे जातील.

सक्करदरा फास्ट

ताई, तारीख घेताना पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस, सोडून घ्या. त्या दिवशी मारबत निघते, रोगराई घेऊन जा म्हणत पुतळ्यांची मिरवणूक, महाल-इतवारीतून गाडी काढणं म्हणजे विसरूनच जा. आम्ही तिथेच असू, "नायटा-खरूज घेऊन जाय गे मारबत" तुमच्याकडून ओरडून घेतो. सर्जनला आदल्या आठवड्यातलीच मागा, आणि एसीच्या गाडीतून न्या, पण हवा सरळ खोक्यावर नको.