‘स्टेटहुड डे’ : घटक राज्य दिन की राज्यस्थापना दिन?

शंका : लिथुआनियात ६ जुलैला असणाऱ्या ‘स्टेटहुड डे’साठी एका अनुवादात ‘घटक राज्य दिन’ असा शब्द वाचला. तो बरोबर आहे का?

उत्तर : माझ्या मते तो तिथे मुळीच चालणार नाही. ‘घटक राज्य दिन’ हा गोव्यात रुळलेला शब्द आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेल्या गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला, म्हणून तेथे ‘मुक्तिदिन’ वेगळा आणि हा दिवस वेगळा. लिथुआनियाचा ६ जुलै मात्र १२५३ साली मिंडाउगास राजाला झालेल्या राज्याभिषेकाची आठवण आहे. (वर्ष पक्के आहे, तारीख इतिहासकारांनी तर्काने ठरवलेली आहे.)

‘स्वातंत्र्यदिन’ म्हटले तर घोटाळा वाढतो, कारण त्या देशाला असे आणखी दोन दिवस आहेत. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी वीस जणांच्या स्वाक्षऱ्यांनी स्वातंत्र्याची घोषणा झाली, तो ‘राज्याच्या पुनःस्थापनेचा दिवस’. आणि ११ मार्च १९९० रोजी सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याचा निर्णय झाला, तो ‘स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा दिवस’. या दोन्ही नावांतले ‘पुनः’ फार मोलाचे आहे, कारण आपले राज्य पूर्वीपासून होतेच, हे त्या एका शब्दातून सांगितलेले आहे. ते ‘पूर्वी’ म्हणजेच ६ जुलै.

मूळ नाव ‘वालस्तीबेस दिएना’, म्हणजे ‘राज्याचा दिवस’. त्यातला ‘दिएना’ आणि आपला ‘दिन’ एकाच कुळातले, हे पाहून मला फार आनंद झाला. तरी नुसते ‘राज्य दिन’ लिहू नये, कारण ‘राज्य’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र किंवा कर्नाटक येते, आणि ‘राज्यसंस्था’ हा राज्यशास्त्राच्या पुस्तकातच शोभणारा शब्द आहे. मी ‘राज्यस्थापना दिन’ सुचवेन. ‘पुनःस्थापना’शी त्याची जोडी जुळते, आणि राज्याभिषेकाने राज्य सिद्ध होते ही कल्पना ६ जून १६७४ चा रायगड ठाऊक असलेल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

क्रियापदाविषयीही थोडे. ६ जुलैच्या रात्री राजधानी विल्नियसच्या घड्याळात नऊ वाजले की जगभरचे लिथुआनियन लोक, असतील तिथे उभे राहून, एकाच वेळी राष्ट्रगीत गातात. २००९ पासूनची ही प्रथा आहे. व्रत, सुट्टी, दुखवटा ‘पाळतात’. हा दिवस ‘साजरा करतात’ असेच लिहावे.