कोर्ट मार्शलमधला डिफेंडिंग ऑफिसर नेमका कोणाचा?

वकीलपत्र: आर्मी रूल्स 1954, नियम 95. आरोपीची बाजू कोणताही लष्करी अधिकारी मांडू शकतो (तोच डिफेंडिंग ऑफिसर), आणि तो मिळवून द्यायचं काम कन्व्हीनिंग ऑफिसरचं, म्हणजे ज्याने खटला भरवला त्याचंच. अशिलाचं बोलणं न फोडण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मध्ये आहे, पण तिथे शब्द आहे 'ॲडव्होकेट'. उद्या या अधिकाऱ्याला साक्षीला बोलावून विचारलं, "जवान तुमच्याशी काय बोलला?", तर तो कशाच्या आधारावर नकार देणार? माझ्या मते आधार नाही, आणि हे भयंकर आहे.

निवृत्त_जॅग: नियम अर्धाच वाचलात. 95(3) त्याला वकिलाचेच हक्क, तीच कर्तव्यं, तीच बंधनं देतो. नियम 33 त्याच्याशी बोलायची मोकळीक देतो. आणि नियम 34 प्रमाणे आरोप सांगितल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान 96 तास मिळतात, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्धासारख्या मोहिमेवर) 24. गणवेश घातला म्हणून कोणी आरोपीशी बेइमान होत नाही. गार्ड रजिस्टरमधली खाडाखोड त्याला जशी दिसते तशी बाहेरच्या वकिलाला दिसणार नाही.

वकीलपत्र: रजिस्टरचं मान्य, साहेब. पण 95(3) फक्त 'या नियमांखालचे' हक्क देतो. नियमाने संसदेच्या कायद्यातला शब्द रुंद होत नाही.

साक्षीपुरावा: त्याच अधिनियमाचं कलम 134 विसरू नका: कायदेशीर सल्लागाराशी काय बोललास हे सांगायची सक्ती आरोपीवर करता येत नाही. अर्थात हे कवच आरोपीच्या तोंडाला, अधिकाऱ्याच्या नाही.

मला जास्त काळजी वरिष्ठांच्या साखळीची वाटते. अमेरिकी सैन्यात बचावाच्या वकिलांची साखळी वेगळी असते. तरी ग्वांतानामोत, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात, वकील-अशील भेटीच्या खोलीत स्मोक डिटेक्टरसारख्या यंत्रात मायक्रोफोन असल्याचं 2013 मध्ये उघड झालं. 2017 मध्ये गोपनीयतेच्या याच काळजीतून तीन नागरी वकिलांना खटल्यातून मोकळं केलं म्हणून बचाव पक्षाचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल जॉन बेकर यांना न्यायाधीशाने 21 दिवसांची स्थानबद्धता आणि 1000 डॉलर दंड ठोठावला. पुढच्या वर्षी फेडरल कोर्टाने तो अवमानाचा ठपका बेकायदा ठरवला. आपल्याकडे तर डिफेंडिंग ऑफिसरचा एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) त्याच्या नेहमीच्या वरिष्ठांच्याच हातात.

निवृत्त_जॅग: मग नियम 96 खाली वकील घ्यावा, कोणी अडवलंय?

वकीलपत्र: फी अडवते. आणि समरी कोर्ट मार्शलमध्ये, जिथे कमांडिंग ऑफिसर (सीओ) स्वतःच न्याय करतो, वकील आला तरी 'फ्रेंड' म्हणून: सल्ला देईल, प्रश्न सुचवेल, पण उलटतपासणी करू शकत नाही. लेफ्टनंट कर्नल सीओ तिथे वर्षभराचा कारावास देऊ शकतो! जमेल त्याने आधी वकीलपत्रावर सही करावी आणि घटनेची हकिकत फक्त वकिलाला लिहून द्यावी. डिफेंडिंग ऑफिसरला द्यायची ती कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी.

निवृत्त_जॅग: त्याला अंधारात ठेवलंत तर तो लढणार कशावर?