कंपनीच्या चार्ज कार्डावरील लाउंज प्रवेश: हुद्द्यानुसार की गरजेनुसार?

हिशेबनीस:
कंपनीच्या चार्ज कार्डाबरोबर मिळणारा विमानतळावरील लाउंजचा, म्हणजे आरामकक्षाचा, प्रवेश हुद्दा पाहून नव्हे, तर प्रवासाची गरज पाहून दिला जावा, असे माझे ठाम मत आहे. चार्ज कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरावे लागते आणि थकबाकी पुढे ओढता येत नाही. त्यामुळे कार्ड देणाऱ्या संस्थेची कमाई थकबाकीवरील व्याजातून न होता मुख्यतः वार्षिक शुल्कातून आणि व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या कमिशनमधून होते. एवढे मोठे शुल्क का भरावे, या प्रश्नाला लाउंज हे तयार उत्तर असते, आणि ते शुल्क भरते कंपनी. तरीही महागडे कार्ड संचालकांकडे असते, आणि पहाटेच्या विमानाने यंत्रदुरुस्तीसाठी निघालेला सर्व्हिस इंजिनियर गेटजवळच्या खुर्चीत बसलेला असतो. संचालक बिझनेस क्लासने जात असतील, तर त्या तिकिटावर त्यांना बहुधा लाउंज मिळतेच.

पैलतीर:
तुमची भावना रास्त आहे, परंतु लाउंजमधील प्रत्येक भेटीचे पैसे कोणी ना कोणी मोजत असते. अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने अमेरिकेतील आपल्या सेंच्युरियन लाउंजमधील गर्दी आवरण्यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून प्लॅटिनम कार्डधारकांच्या पाहुण्यांना ५० डॉलर आकारायला सुरुवात केली. वर्षाला ७५,००० डॉलर खर्च करणाऱ्यांनाच त्यातून सूट ठेवली. आपल्याकडेही २०२४ मध्ये अनेक बँकांनी लाउंज प्रवेशासाठी कार्डावरील आधीच्या तिमाहीतील खर्चाची अट घातली. प्रवेश सर्वांना दिला, तर तो कोणाच्याच कामाचा राहणार नाही.

हिशेबनीस:
खर्चाच्या अटीचा उल्लेख तुम्ही केलात, हे बरे झाले, कारण अशी अट कंपनीच्या कार्डाला लागू झाली, तर नेमकी फिरतीवरची माणसेच वगळली जातात. बऱ्याच कंपन्यांत तिकिटे आणि हॉटेल यांची नोंदणी प्रवास विभाग मध्यवर्ती खात्यातून करतो. कर्मचाऱ्याच्या कार्डावर टॅक्सी आणि जेवण एवढेच उरते. मग महिनाभर फिरूनही त्याचा खर्च अटीपर्यंत पोचत नाही.

करविचार:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. प्राप्तिकर नियमावली, १९६२ मधील नियम ३(७) नुसार मालकाने दिलेल्या कार्डावरील खर्च, त्यात वार्षिक शुल्कही आले, कर्मचाऱ्याला मिळालेली करपात्र सुविधा मानला जात असे; तो संपूर्णपणे कार्यालयीन कामासाठी होता, हे नोंदींसह दाखवता आले, तरच सुटका होत असे. इतके करून ही सुविधा भरवशाचीही नाही. बँक आणि लाउंज यांच्यामध्ये मध्यस्थ असतो, आणि तो बाजूला झाला की काउंटरवर कार्ड नाकारले जाते. आपल्याकडील मोठा मध्यस्थ असलेल्या ड्रीमफोक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंज सेवा थांबवली, हे ताजे उदाहरण आहे. त्यापेक्षा जेवणाचा भत्ता वाढवावा आणि विषय संपवावा.

रात्रपाळी:
भत्त्याने जेवणाचा प्रश्न सुटेल, जागेचा सुटणार नाही. मध्यरात्री विमान तीन-चार तास लांबते, तेव्हा एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीला स्वच्छ स्वच्छतागृह, लॅपटॉप उघडून बसता येईल असे टेबल आणि सामानाची धास्ती न बाळगता टेकता येईल अशी खुर्ची लागते. लाउंजमधील खाणे मला गौण वाटते. सकाळी ग्राहकासमोर उभे राहायचे असेल, तर रात्रीचे हे तास कंपनीच्याच कामाचे असतात आणि त्यांची सोय कंपनीनेच करायला हवी.

पैलतीर:
हे मान्य आहे. तथापि, चार्ज कार्डाला बहुधा पूर्वनिश्चित खर्चमर्यादा नसते आणि कंपनीच्या कार्डांची देयता अनेकदा कंपनीवरच असते. ती कार्डे सरसकट वाटण्याची जोखीम कोणताही वित्त विभाग पत्करणार नाही.

हिशेबनीस:
कार्डे वाटावीत, असे माझे म्हणणेच नाही. कार्ड आणि लाउंज यांची सांगड अपरिहार्य नाही. प्रायॉरिटी पाससारखे लाउंज प्रवेशाचे सदस्यत्व कोणत्याही कार्डाविना स्वतंत्रपणे विकत घेता येते. प्रवास विभागाकडे प्रत्येकाच्या फिरतीची नोंद असतेच. रात्रीचे किंवा पहाटेचे विमान वारंवार घेणाऱ्यांची यादी त्या नोंदीतून काढावी, त्यांचे सदस्यत्व कंपनीने भरावे, आणि महागडी कार्डे कमी करून वाचणारे वार्षिक शुल्क त्यासाठी वापरावे.