शांतिसेनेतल्या जवानाची पेन्शन: आईवडिलांना हिस्सा हवा की नको?

खानापूरकर: श्रीलंकेच्या यादवीत १९८७ ते १९९० या काळात आपल्या शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान कामी आले. परदेशातल्या शांतता मोहिमेत शत्रूच्या कारवाईत मरण आलं की ते युद्धाच्याच गटात धरतात. मग लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या १०० टक्के, पण ती एकट्या बायकोच्या नावावर. जवान अविवाहित असेल तर आईवडील दोघांना मिळून ७५ टक्के, एकच हयात असेल तर ६०. मुलाचं लग्न झालं होतं एवढ्यावरून त्यांना काहीच मिळू नये? चौथा हिस्सा थेट त्यांच्या खात्यात जायला हवा.

चंदगडची लेक: साफ विरोध. पेन्शन म्हणजे उताऱ्यावरची जमीन नव्हे वाटणी करायला. नवऱ्याचा पगार थांबला म्हणून ती मिळते. मुलांचीही सोय नियमात आहे: विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी ती मुलांना सांभाळत असेल तर पूर्ण पेन्शन चालू, सोडलं तर तिचा भाग घटतो आणि मुलांना वेगळा हिस्सा मिळतो. आज चौथा हिस्सा सासऱ्यांना दिलात, तर उद्या दीर दारात उभा.

खानापूरकर: मुलांचं सांगितलंत. म्हाताऱ्यांनी काय करायचं?

जुना लेखनिक: पेन्शन सोडून बाकीचे पैसे बघा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या, म्हणजे जवानांच्या सामूहिक विम्याच्या, नॉमिनेशनमध्ये बायको आणि आईवडील यांचे टक्के जवान स्वतः लिहू शकतो. लग्नानंतर तो फॉर्म नव्यानं भरायचा, तिथंच चालढकल होते आणि भांडणाचं मूळ बऱ्याचदा तेच. बँकेतल्या शिल्लकीवर हिंदू वारसा कायद्यानं आई पहिल्या वर्गाची वारस, बायकोच्या आणि मुलांच्या बरोबरीनं. वडील मात्र त्या वर्गात नाहीत.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात वेगळीच अडचण. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्न-मुलांच्या लष्करी नोंदीत, बायकोचं माहेरचं नाव, आधारवर कन्नडवरून उतरलेलं स्पेलिंग, पासबुकात तिसरंच. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर, नाव जुळलं नाही की केस अडते. विवाह नोंदणीचा दाखला आणि एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानाचं दप्तर ठेवणाऱ्या लष्करी कचेरीला, द्या, आधी तिथली नोंद दुरुस्त करून घ्या, मग बाकीचं. शिवाय निपाणीच्या जवानाची बायको माहेरी कागलला राहायला गेली तरी राज्याच्या मदतीची फाईल सहसा कर्नाटकाकडेच, कारण ती जवानाच्या मूळ गावावरून ठरते. महाराष्ट्रात अर्ज टाकून बसलं की महिने फुकट जातात. आणि हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात. तो चुकला तर पेन्शन थांबते.

खानापूरकर: कागदांचं पटलं. पण विमा एकदाच मिळतो, त्याला महागाई भत्ता लागत नाही. वयाच्या सत्तरीत औषधं दरमहा लागतात. मी मागणी सोडत नाही.

चंदगडची लेक: मग अविवाहिताच्या आईवडिलांना देतात तसं सरकारनं वेगळं द्यावं, सुनेच्या १०० टक्क्यांना हात न लावता. ती मागणी घेऊन निघालात तर पहिली सही माझी.